तुर्कस्तान युक्रेनला ड्रोन देतो आणि रशियाकडून गॅस घेतो, हे गणित जुळतं कसं?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

युक्रेन-तुर्कस्तान संबंधांवर टिपण तयार करायचं आहे, पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे. जाणकारांनी मदत करावी.

१. बातम्यांत सरसकट "तुर्कस्तानने बॉस्फरस (काळ्या समुद्रातून बाहेर पडायची सामुद्रधुनी) बंद केला" असं छापून येतं. मग धान्याची जहाजं आणि रशियन तेलाचे टँकर तिथून रोज कसे जातात? आणि ब्रिटनने युक्रेनला दिलेली सुरुंगशोधक जहाजं मात्र अडवली. हा युक्रेनवर अन्याय नाही का?

२. युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर काढण्याच्या जुलै २०२२ च्या कराराला कुणी "रशिया-युक्रेन करार" म्हणतं, तर कुणी म्हणतं असा करार कधी झालाच नाही. खरं काय?

३. क्रिमियाबाबत अंकारा इतकी ठाम आणि रशियावरच्या निर्बंधांबाबत इतकी ढिली, असं का?

"तुर्कस्तान दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे" हे वाक्य लिहून मोकळं होता येईल, पण त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. म्हणून कलमं, तारखा, नेमकं काय घडलं अशा स्वरूपात उत्तरं मिळाली तर बरं.

---

तहनामा

पहिला प्रश्न घेतो. घोळ "बंद" या शब्दात आहे.

बॉस्फरस आणि दार्दानेल्स चालतात २० जुलै १९३६ च्या माँट्रो करारावर. त्यात व्यापारी जहाजं आणि युद्धनौका यांचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत. युद्ध सुरू असलं आणि तुर्कस्तान त्यात नसला, तर कलम ४ प्रमाणे व्यापारी जहाजांना वाट मोकळीच राहते, मग झेंडा कुणाचाही असो. त्यामुळे धान्य, तेल, कंटेनर हे सगळं चालू आहे. बंद झालं ते कलम १९ खाली, आणि तेही फक्त लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांसाठी.

घटनाक्रम असा. २४ फेब्रुवारी २०२२ ला आक्रमण झालं आणि त्याच दिवशी युक्रेनच्या अंकारातल्या राजदूतांनी सामुद्रधुनी बंद करण्याची मागणी केली. तुर्कस्तानने लगेच होकार दिला नाही, कारण कलम १९ लागायला आधी "हे युद्ध आहे" असं म्हणावं लागतं. रशिया त्याला "विशेष मोहीम" म्हणत होता. २७ तारखेला परराष्ट्रमंत्री चावुशओलू यांनी जाहीरपणे "युद्ध" हा शब्द वापरला आणि २८ ला कलम लागू झालं. म्हणजे अख्खा निर्णय एका शब्दावर अडला होता. टिपणात हे यायलाच हवं.

आता कलम १९ ची पळवाट. तळापासून दूर असलेल्या युद्धनौकेला आपल्या तळावर परतता येतं. इथे प्रत्येक जहाजाची नोंद कुठल्या ताफ्यात आहे हे बघावं लागतं. चावुशओलूंनीच सांगितलं होतं की रशियाने चार जहाजांसाठी कळवलं होतं, त्यातल्या तिघांची नोंद काळ्या समुद्रातल्या तळांवर नव्हती. पाठवू नका म्हटल्यावर रशियाने विनंती मागे घेतली. त्या काळात भूमध्य समुद्रात रशियाच्या दोन मोठ्या क्रूझर होत्या: 'मार्शल उस्तिनोव्ह' उत्तरी ताफ्याची, 'वार्याग' पॅसिफिक ताफ्याची. त्यांची जुळी बहीण 'मोस्क्वा' १४ एप्रिल २०२२ ला बुडाली, पण तिच्या जागी यातली एकही आत आणता आली नाही. तळच काळ्या समुद्रात नाही, तर "परतणार" कुठे?

सुरुंगशोधक जहाजांचंही तेच. 'चेर्निहिव' आणि 'चेर्कासी' ही ब्रिटिश नौदलाची जुनी जहाजं. युक्रेनला दिली की ती लढणाऱ्या देशाच्या युद्धनौका ठरतात, आणि ती कधी काळ्या समुद्रातल्या तळावर नव्हतीच. जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तानने युद्ध संपेपर्यंत वाट देणार नाही असं स्पष्ट केलं. अन्याय म्हणण्याआधी उलटं करून बघा: आज यांना सोडलं तर उद्या रशियाच्या उत्तरी ताफ्यातल्या जहाजाला नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? माझ्या मते या कलमाचा जास्त फायदा युक्रेनलाच झाला आहे. युक्रेनचं नौदल तसंही लहान होतं. कुमक अडली ती रशियाची.

आणखी एक बारकावा, जो बहुतेक लेखांत चुकतो. कलम १९ फक्त लढणाऱ्यांना लागतं. २८ फेब्रुवारीला मात्र तुर्कस्तानने "काळ्या समुद्राकाठच्या आणि बाहेरच्या सगळ्याच देशांनी युद्धनौका आणू नयेत" असं कळवलं. काळ्या समुद्राबाहेरच्या नाटो देशांच्या युद्धनौका तेव्हापासून आत नाहीत, त्यामागे कलम नसून तुर्कस्तानचं हे सांगणं आहे. कराराच्या कलम २१ मध्ये, स्वतःला युद्धाचा नजीकचा धोका वाटला तर तुर्कस्तानला पूर्ण मोकळीक मिळते, पण ते कलम त्याने वापरलेलं नाही.

गळती कुठे आहे? दोन ठिकाणी. एक, रशिया व्होल्गा-डॉन कालव्यातून कॅस्पियनमधली लहान जहाजं आत आणू शकतो. त्या पाण्यावर माँट्रोचा काही संबंध नाही. दोन, लष्करी सामान व्यापारी झेंड्याच्या मालवाहू जहाजातून नेलं तर ते कलम १९ मध्ये बसत नाही. युक्रेनची या दुसऱ्या गोष्टीवर तक्रार आहे आणि ती रास्त आहे, पण करारात त्यावर इलाज नाही.

---

गोदीकाठ

तहनामा यांच्याशी सहमत. एक भर: युक्रेनसाठी तुर्कस्तानात बांधलेली 'हेटमन इव्हान माझेपा' ही आदा वर्गाची कॉर्व्हेट (लहान युद्धनौका) २ ऑक्टोबर २०२२ ला इस्तंबूलमध्ये पाण्यात उतरली. तीही याच कलमापुढे उभी आहे, कारण गोदी बॉस्फरसच्या अलीकडे, मारमारा समुद्राच्या बाजूला. जहाज तुर्की गोदीत बांधलेलं असलं तरी नियम तोच.

आता धान्य करार. २२ जुलै २०२२, डोल्माबाह्चे राजवाडा, इस्तंबूल. त्या दिवशी टेबलावर एक नाही, दोन कागद होते. एकावर युक्रेन, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रं. दुसऱ्यावर रशिया, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रं. मजकूर सारखाच, पण युक्रेन आणि रशियाची सही एकाच कागदावर कुठेच नाही. त्यामुळे "रशिया-युक्रेन करार" हे चूक आणि "करार झालाच नाही" हेही चूक. दोन्ही देशांनी वचन दिलं ते तुर्कस्तानला आणि संयुक्त राष्ट्रांना. (जाता जाता: त्याच दिवशी रशिया आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये रशियन अन्नधान्य आणि खतांबद्दल वेगळा सामंजस्य करार झाला. "आमची बाजू पाळली नाही" ही मॉस्कोची पुढची तक्रार त्या कागदाबद्दल होती.)

काम चालायचं असं. बंदरं तीनच: ओदेसा, चोर्नोमोर्स्क, पिव्देन्नी. इस्तंबूलमध्ये संयुक्त समन्वय केंद्र, त्यात चारही पक्षांची माणसं. जहाजाची आधी नोंदणी. आत जाताना इस्तंबूलजवळ नांगर टाकायचा आणि रशिया, युक्रेन, तुर्कस्तान, संयुक्त राष्ट्रं अशा मिश्र पथकाने तपासणी करायची. मुख्य हेतू एकच, रिकाम्या जहाजातून शस्त्रं आत जाऊ नयेत. मग ठरलेल्या मार्गाने बंदरात जाऊन माल भरायचा आणि बाहेर येताना पुन्हा तपासणी. वाटेत जहाजाच्या १० सागरी मैलांच्या आत कुणाचीही युद्धनौका, विमान किंवा ड्रोन येता कामा नये.

पहिलं जहाज 'रझोनी', १ ऑगस्टला ओदेसाहून निघालं, पोटात २६ हजार टनांहून जास्त मका, मुक्काम लेबनॉनचं त्रिपोली. टीव्हीवर सोहळा झाला आणि नंतर खरेदीदारानेच माल नाकारला, कारण तो पाच महिने उशिरा येत होता. गाजावाजा एकीकडे, व्यापाराचे नियम दुसरीकडे.

बिनसलं कुठे, हे बघण्यासारखं आहे.

मुदतीचं कलम. पहिली मुदत १२० दिवस, आणि कुणी लेखी हरकत घेतली नाही तर तेवढ्याच काळासाठी आपोआप वाढ. मार्च २०२३ मध्ये रशिया म्हणाला, आम्ही फक्त ६० दिवस देतो. युक्रेन म्हणाला १२०. तुर्कस्तानने "वाढली" एवढंच जाहीर केलं आणि दिवसांचा आकडा टाळला. हातात दुसरा उपाय नव्हता.

तपासणी. पथकात रशियन माणूस असल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नसे. त्यामुळे करार न मोडताही वेग कमी करता यायचा, आणि २०२३ च्या वसंतात तेच घडलं. पिव्देन्नीकडे जाणाऱ्या जहाजांची नोंदणी अडली, कारण तोल्यात्ती-ओदेसा अमोनिया पाइपलाइन तिथे संपते आणि रशियाला ती सुरू हवी होती. एक बंदर कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात ठप्प.

त्याआधी ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस क्रिमियातल्या सेवास्तोपोल या रशियन नौदल तळावरच्या हल्ल्यानंतर रशियाने सहभाग थांबवला होता. तेव्हा तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांनी जहाजं चालूच ठेवली आणि २ नोव्हेंबरला रशिया परत आला. १७ जुलै २०२३ ला मात्र तो आला नाही. तोवर सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल बाहेर पडला होता.

---

कप्पेवाला

तिसऱ्या प्रश्नात "विसंगती" म्हटलंय. अंकारा प्रत्येक विषय वेगळ्या कप्प्यात ठेवते आणि एका कप्प्याचा हिशेब दुसऱ्यात मांडत नाही. हे ओळखलं की बातम्या बऱ्याच सरळ लागतात.

सार्वभौमत्वाच्या कप्प्यात तुर्कस्तान पूर्ण युक्रेनच्या बाजूने. युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेबद्दलच्या संयुक्त राष्ट्र महासभेच्या २७ मार्च २०१४ च्या ठरावाला (१०० विरुद्ध ११, तटस्थ ५८) त्याने पाठिंबा दिला, क्रिमियाचं सामिलीकरण आजवर मान्य केलेलं नाही, आणि आक्रमणाचा निषेध करणाऱ्या २ मार्च २०२२ च्या ठरावालाही त्याचं मत होतं. यामागे फक्त तत्त्व नाही. १७७४ च्या कुचुक कायनार्जा तहाने क्रिमियाची खानशाही ओटोमनांच्या हातून सुटली आणि १७८३ मध्ये रशियाने गिळली. त्यानंतरच्या स्थलांतरांमुळे क्रिमियन तातार वंशाचे लोक तुर्कस्तानात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या संघटना आहेत. १८ मे १९४४ चं हद्दपारीचं दुःख तिथेही पाळलं जातं. म्हणजे अंकारासाठी क्रिमिया हा परराष्ट्र धोरणाइतकाच घरचाही विषय आहे.

या कप्प्यात प्रत्यक्ष काम काय होतं? माणसं सोडवणं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मेजलिसचे (क्रिमियन तातारांच्या प्रतिनिधी सभेचे) दोन नेते, अख्तेम चीगोझ आणि इल्मी उमेरोव, रशियन कैदेतून सुटले ते तुर्कस्तानमार्गे. मेजलिसचेच नरीमान जेल्याल जून २०२४ मध्ये सुटले आणि वर्ष संपायच्या आत युक्रेनने त्यांनाच अंकाराला राजदूत नेमलं. २०२५ च्या रशियाबरोबरच्या इस्तंबूल चर्चेत युक्रेनचं शिष्टमंडळ ज्यांनी नेलं ते रुस्तेम उमेरोवही क्रिमियन तातारच. कीव्हने हे नातं विचारपूर्वक वापरलं आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

शस्त्रांचा कप्पा म्हणजे सरळ देवाणघेवाण. सगळे फक्त तुर्की बायरकतार ड्रोनबद्दल बोलतात. युक्रेनने त्यातले टीबी२ २०१९ मध्ये घेतले आणि २६ ऑक्टोबर २०२१ ला डोनबासमध्ये पहिल्यांदा वापरले. पण उलट्या दिशेने काय जातं? इंजिनं. तुर्कस्तानकडे विमानं बनवायची हातोटी आली, पण इंजिन हा त्याचा कच्चा दुवा, आणि पाश्चात्त्य इंजिन घेतलं की निर्यातबंदीची टांगती तलवार. झापोरिझ्झियात सोव्हिएत काळापासून इंजिनांचा कारखाना आणि आरेखन संस्था आहेत. अकिंजी ड्रोनला तिथलं एआय-४५० टर्बोप्रॉप, किझिलएल्मा या मानवरहित लढाऊ जेटच्या पहिल्या विमानाला एआय-२५ च्या घराण्यातलं जेट. अतक-२ या जड लढाऊ हेलिकॉप्टरलाही युक्रेनचंच इंजिन. त्यामुळे "तुर्कस्तान युक्रेनवर उपकार करतो" हे अर्धं चित्र झालं.

ऊर्जा आणि पैशाच्या कप्प्यात तुर्कस्तान रशियाजवळ. अक्कुयू अणुप्रकल्प रोसातोम या रशियन सरकारी कंपनीचा, चार भट्ट्या, एकूण ४८०० मेगावॅट. तुर्कस्ट्रीम ही रशियाहून काळ्या समुद्राखालून येणारी गॅस पाइपलाइन ८ जानेवारी २०२० ला सुरू झाली, क्षमता वर्षाला ३१.५ अब्ज घनमीटर. इथे युक्रेनला थेट चिमटा बसतो, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं: हा गॅस पूर्वी युक्रेन, रोमानिया, बल्गेरियामार्गे तुर्कस्तानात यायचा आणि युक्रेनला वाहतूक शुल्क मिळायचं. तुर्कस्ट्रीमने तो मार्गच काढून टाकला. निर्बंधांत तुर्कस्तान सामील नाही, पण अमेरिकेचा दट्ट्या आला की त्याच्या बँका मागे हटतात. सप्टेंबर २०२२ मध्ये मोठ्या बँकांनी रशियाची 'मीर' कार्डं बंद केली, ती याच कारणाने.

अवांतर: युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चला मॉस्कोपासून स्वतंत्र दर्जा देणारा तोमोस (धार्मिक फर्मान) ५ जानेवारी २०१९ ला इस्तंबूलच्या फेनेर भागातच सही झाला. तो निर्णय तिथल्या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांचा, तुर्की सरकारचा नाही. तरी मॉस्कोला इस्तंबूलचं नाव खुपायला ते एक निमित्त झालं.

---

पश्चिमवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. गॅसच्या जुन्या मार्गाचा मुद्दा माहीतच नव्हता.

दोन उपप्रश्न. धान्य करार संपल्यावर युक्रेनची जहाजं तुर्कस्तानच्या परवानगीने चालतात का? आणि रशियन कैदेतून सुटून तुर्कस्तानात ठेवलेल्या युक्रेनच्या अझोव तुकडीच्या सेनापतींच्या प्रकरणात तुर्कस्तानने रशियाला दिलेला शब्द मोडला, असं म्हणावं का?

---

गोदीकाठ

परवानगीचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून युक्रेनने स्वतःचा मार्ग आखला. बंदरातून निघून किनाऱ्याला चिकटून दक्षिणेकडे, मग रोमानिया आणि बल्गेरियाच्या प्रादेशिक पाण्यातून तुर्कस्तानच्या पाण्यात आणि तिथून बॉस्फरस. इस्तंबूलची तपासणी गेली, रशियन निरीक्षक गेला. हे जमलं कारण तोवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी रशियन ताफा पश्चिम भागातून मागे ढकलला होता. बाकी राहिला तो भरकटलेल्या सुरुंगांचा धोका. त्यासाठी ११ जानेवारी २०२४ ला तुर्कस्तान, रोमानिया आणि बल्गेरिया यांनी इस्तंबूलमध्ये संयुक्त सुरुंगशोध गटाचा करार केला. तिघेही काळ्या समुद्राकाठचे आणि तिघेही नाटोतले, त्यामुळे बाहेरून युद्धनौका आणायची गरज नाही आणि माँट्रोला धक्काही नाही. ब्रिटिश जहाजांना नकार आणि हा करार यांत जेमतेम नऊ दिवसांचं अंतर आहे. दोन्ही एकत्र वाचा.

टिपणात तक्रारीची बाजूही असू द्या. जुलै २०२२ मध्ये 'झिबेक झोली' हे रशियन झेंड्याचं जहाज व्यापलेल्या बेर्द्यान्स्कचं धान्य घेऊन कारासू बंदरापाशी आलं. युक्रेनच्या विनंतीवरून ते थांबवलं आणि मग जाऊ दिलं. कीव्हने तुर्की राजदूतांना बोलावून घेतलं. धान्य करार व्हायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे बाकी होते.

---

तहनामा

अझोवबद्दल. २१ सप्टेंबर २०२२ च्या अदलाबदलीत युक्रेनला २१५ जण मिळाले, रशियाला मेदवेदचुक (युक्रेनमधले रशियाधार्जिणे नेते) आणि ५५ कैदी. मारियुपोलच्या अझोवस्ताल पोलाद कारखान्यात लढलेले पाच सेनापती तुर्कस्तानात राहतील असं ठरलं होतं. रशियाच्या म्हणण्याप्रमाणे युद्ध संपेपर्यंत. ८ जुलै २०२३ ला झेलेन्स्की इस्तंबूलहून परतताना त्यांना विमानात घेऊनच गेले. क्रेमलिनने ताबडतोब अटींचा भंग म्हटलं. त्या अटींचा मजकूर जाहीर झालेला नाही, म्हणून "शब्द मोडला" असं स्वतःच्या नावावर लिहू नका. "रशियाने भंगाचा आरोप केला" इतकंच लिहा. त्याच भेटीत एर्दोआन यांनी युक्रेन नाटो सदस्यत्वाला पात्र आहे असंही म्हटलं होतं. नऊ दिवसांनी रशिया धान्य करारातून बाहेर पडला. कार्यकारणाचा धागा मात्र जोडू नका. मॉस्कोच्या तक्रारी त्याआधीपासूनच चालू होत्या.

---

कप्पेवाला

इस्तंबूल चर्चांच्या तारखांची गल्लत नेहमी होते, म्हणून देऊन ठेवतो. १० मार्च २०२२ ला रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह आणि युक्रेनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कुलेबा भेटले ते अंतल्यात. २९ मार्च २०२२ ची इस्तंबूल बैठक शिष्टमंडळांची. २०२५ मध्ये तीन फेऱ्या, सगळ्या इस्तंबूलमध्ये: १६ मे, २ जून, २३ जुलै. मेच्या फेरीतून एक हजारास एक हजार अशी कैद्यांची अदलाबदल निघाली, जूनच्या फेरीतून मृतदेह परत देण्याचं ठरलं. युद्धविराम एकाही फेरीत नाही. लेखात "इस्तंबूल करार" असा शब्द दिसला की तो २०२२ च्या मसुद्याबद्दल आहे की २०२५ च्या अदलाबदलीबद्दल, हे आधी तपासा; २०२२ च्या मसुद्यावर अंतिम सह्या झालेल्याच नाहीत.